पथ्याचा कागद

“खबरदार आईला ते विचारलंस तर! सांगून ठेवतो आत्या, ताट खिडकीतून बाहेर फेकीन, आतल्या सगळ्यासकट.”

“हळू बोल मेल्या. पलीकडे ती जागी आहे.”

“मग तू काय हळू विचारणार होतीस? कानात?”

शकुनआत्या स्टोव्हपाशी पाटावर बसली होती. मांडीवर रव्याचा डबा, डोळ्याला पदर. “अरे, डॉक्टर काय म्हणाले ते तूच ऐकून आलास ना? आता कसली बंदी नाही, आवडेल ते खाऊ दे, मन शांत राहू दे. मग मी काय पाप करत होते? एवढंच म्हणणार होते की मीनाक्षी, तुला काय खा—”

“पुरं करू नकोस!” चारुदत्तने हातातला पेला जमिनीवर आपटला. तो गडगडत मोरीपर्यंत गेला.

“का पण? कारण सांगशील?”

“मी सांगतो म्हणून.”

“तू कोण रे सांगणारा? शाळा सोडलीस, दिवसभर त्या गॅरेजात ग्रीस फासून हिंडतोस, आणि घरात आलास की मोठ्यांवर गुरकावतोस.”

“कॅन्सर झालाय तिला, आत्या. भूत लागलेलं नाही. जप करून आणि पांचट पाणी पाजून जाणार नाही तो.”

आत्याने दोन्ही कानांवर हात दाबले. डबा कलंडला आणि रवा पायावरून, पाटावरून सगळीकडे पसरला. तो शब्द या घरात काढायचा नव्हता. घरात त्याला ‘गाठ’ म्हणत, वरच्या मजल्यावरच्या बॅनर्जीबाईंपुढे ‘अल्सर’ म्हणत, आणि नागपूरच्या पत्रात तर नुसतं ‘मीनाक्षीची प्रकृती’.

चारू तसाच चपला घालून बाहेर पडला. कारण त्याला सांगता येत होतं. सांगायचं नव्हतं.

कारण मागच्या खोलीत होतं.

बेहालातलं ते भाड्याचं घर तसं लहानच. पुढची खोली, स्वयंपाकघर, आणि मागे एक अरुंद खोली. तिच्या खिडकीतून शेजारच्या तळ्याचं हिरवं पाणी दिसायचं. सात वर्षांपूर्वी त्या खोलीत मनोहरकाका राहायचा. बाबांचा धाकटा भाऊ, गोदीत कारकून, लग्न न झालेला. त्याला पण हेच. त्याचं सगळं आईने केलं. बाबा कस्टम्समध्ये, जहाज लागलं की दोन-दोन दिवस खिदिरपूरच्या गोदीतच, त्यामुळे घरात आई, काका आणि दहा वर्षांचा चारू एवढेच. पथ्य फार कडक होतं. गोड बंद, मीठ बंद, तेल बंद. काका एकच गोष्ट मागायचा. थंडी सुरू झाली की इथे खजुराच्या रसाचा नवा गूळ येतो, नोलेन गूळ. धुराचा वास असतो त्याला. “वहिनी, एवढा सुपारीएवढा द्या हो.” आणि आई म्हणायची, “बरे व्हा आधी भाऊजी, मग आख्खी ढेप देते.” महिनाभर रोज हेच.

मग एका सकाळी तेव्हाचे डॉक्टर आले. नाडी पाहिली, हसले, आणि दारात आईला म्हणाले की आता त्यांना हवं ते द्या. आईने तोंड धुतलं, पदर नीट केला, आणि खोलीत जाऊन काकाच्या उशाशी बसून विचारलं, “भाऊजी, काय खावंसं वाटतंय?”

चारू दारात उभा होता. त्याने पाहिलं. काकाने आईकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, “असं झालं होय.” आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर तो अकरा दिवस होता. परत काही मागितलं नाही. गुळाचं नाव काढलं नाही.

आईने हे कोणाला सांगितलं नाही, बाबांनासुद्धा. पण तेव्हापासून तिने जगात कोणालाही ‘काय खाणार’ म्हणून विचारलं नव्हतं. पाहुणे आले तरी जे असेल ते पुढ्यात ठेवायची, खा म्हणायची. लोकांना वाटायचं, बाई जरा तुसडी आहे. आणि थंडीत आख्ख्या बेहालात घराघरातून त्या गुळाचा वास यायचा, त्यांच्या घरातून कधीच नाही.

आता आईची पाळी होती. दोन महिने किरण चालू होते. चारूच्या गॅरेजातल्या शंभू मिस्त्रीच्या ओळखीच्या टॅक्सीने आठवड्यातून पाच दिवस इस्पितळात जायचं, मशीनखाली झोपायचं, परत येऊन ओकायचं. नागपूरहून आत्या आली ती पथ्य घेऊनच आली. कुठल्या वैद्याने सांगितलेलं. बिनमिठाचं मुगाचं पाणी, उकडलेला दुधी, परत मुगाचं पाणी. आणि शांतता. मन शांत हवं म्हणून सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं. कुकर शिटी द्यायच्या आत उतरवायचा. रेडिओवर फडकं. बाबा ऑफिसातून आले की दारातच बूट काढून चोरासारखे आत यायचे. चारूला वाटायचं, ही शांतता नाही. ही रंगीत तालीम आहे.

आणि त्या शांततेत संध्याकाळी मागच्या खोलीतून आवाज यायचा. घस्, घस्, घस्. काशाची वाटी तळपायावर घासल्यासारखा. काकाला झोप लागत नसे तेव्हा आई त्याच्या तळव्यांना तूप लावून वाटीने घासायची, तळवे काळे होईपर्यंत. वाटी आता त्या खोलीतल्या कपाटावर होती. दाराला कडी होती. चारूने दोनदा कडी काढून बघितलं होतं. आत कोणी नसायचं. पलंग, गुंडाळलेली गादी, खिडकीत तळ्याचं पाणी. आवाज थांबायचा. कडी लावली की पाच मिनिटांनी परत.

त्याने आईला विचारलं नव्हतं, तुला ऐकू येतं का म्हणून.

आज सकाळी इस्पितळात आईला काट्यावर उभं केलं होतं. सदतीस किलो. डॉक्टरांनी चारूला बाजूला घेऊन बंगालीत चांगलं झापलं. बिनमिठाचं कोण देतंय तिला? रोगाच्या आधी उपासाने मारायचंय का? थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा, मऊ, चवीचं, तूप, दही, चालत असेल तर अंडं. पोटात गेलं पाहिजे, झोप लागली पाहिजे. अजून नऊ वेळा किरण द्यायचेत. छत्तिसाच्या खाली वजन गेलं तर थांबवावे लागतील.

“म्हणजे आता... तसं झालंय?” चारूने विचारलं होतं.

“कसं?” डॉक्टर भडकले. “जगायचंय म्हणून सांगतोय, गाढवा. मरायचं असतं तर मी वजन कशाला केलं असतं?”

चारूला तो माणूस त्या क्षणी फार आवडला. पण मग डॉक्टर आईकडे गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हसून म्हणाले, आता जे आवडेल ते खायचं बरं का, काही बंदी नाही. चारूने आईचा चेहरा पाहिला. ती डॉक्टरांकडे बघत नव्हती. त्यांच्या हसण्याकडे बघत होती.

म्हणून तो आत्यावर ओरडला. आणि कारण न सांगता निघून गेला. त्याची चूक तीच.

कारण आत्या गप्प बसणारी नव्हती. तिने बाबा घरी आल्याबरोबर सगळं सांगितलं. मुलगा हाताबाहेर गेलाय श्याम, आईला खाऊ घालायचं म्हटलं तर पेले आपटतो. बाबा बिचारे. श्यामसुंदर हा माणूस गोदीत परदेशी खलाशांच्या पेट्या उघडायला लावताना पण आधी माफी मागायचा. ते हातपाय धुऊन आईच्या पलंगापाशी बसले, तिचा हात हातात घेतला, आणि आयुष्यात कधी बोलले नसतील तेवढ्या प्रेमाने म्हणाले, “मीना, काय खावंसं वाटतंय गं तुला?”

चारू गॅरेजमधून आला तेव्हा आठ वाजत होते, लोडशेडिंग होतं. स्वयंपाकघरात कंदील. आत्या आणि बाबा समोरासमोर बसलेले, मधे शिऱ्याची ताटली, वर झाकण.

“काय झालं?”

“काही नाही रे,” बाबा म्हणाले. “मी फक्त विचारलं...”

चारू पुढच्या खोलीत धावला. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पाठ तशीच. मान तशीच. अंधारात त्याला क्षणभर कळेना, हा पलंग कुठल्या खोलीतला.

“आई.”

“झोप आता. दमला असशील.”

“आई, तू काय म्हणालीस बाबांना?”

मागून बाबा आले, चोरपावलांनीच. “म्हणाली, असं झालं होय. एवढंच. म्हणजे काय रे? मला काही कळलं नाही.”

चारूने बाबांची बाही धरली आणि त्यांना अंगणात ओढत नेलं. बापाशी असं कोणी वागत नाही, त्याला माहीत होतं. पण त्या दिवशी तो कोणाचाच नव्हता. तळ्याच्या कडेला उभं करून त्याने सगळं सांगितलं. काका, गूळ, प्रश्न, भिंत, अकरा दिवस. बाबा ऐकत राहिले. मग खाली बसले, ओल्या गवतात, ऑफिसच्या पँटसकट.

“मला कोणी सांगितलं का नाही?”

“तुम्ही गोदीत होता.”

“तू तरी आज सांगायचंस. शकुनला सांगायचंस.”

ओरडायला येत होतं चारूला, सांगायला येत नव्हतं.

दोन दिवस आईने चहाशिवाय काही घेतलं नाही. रडत नव्हती, रागावत नव्हती. विचारलं की गोड बोलायची, नको आत्ता, नंतर. आत्याने हात जोडले, बाबांनी डॉक्टरांचं म्हणणं परत परत समजावलं. हो, हो, म्हणायची. लहान मुलाची समजूत काढतात तसं उलट तीच त्यांना म्हणायची, बरोबर आहे तुमचं. तिसऱ्या दिवशी काटा साडेछत्तीस.

त्या दुपारी चारू गॅरेजात एका लॉरीखाली उताणा पडला होता. वरून तेल ठिबकत होतं, गालावर, गळ्यावर. त्याला कळतच नव्हतं. डॉक्टर खरं बोलत होते, बाबा खरं बोलत होते, आणि खऱ्याचा काही उपयोग होत नव्हता. काकाला पण शेवटी सगळे गोडच बोलले होते. पथ्य सुटलं म्हणजे माणूस सुटला, हे तिने स्वतःच्या हाताने वाढून बघितलं होतं. मग?

मग पथ्य सुटायलाच नको.

तो लॉरीखालून बाहेर आला. शंभू मिस्त्रीच्या फळीवर एक कागद होता, लॉरीला लागणाऱ्या सामानाची यादी, बंगालीत, मिस्त्रीच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात. चारूने तो ढापला. घरी आला तो दार आपटूनच.

“हे काय चाललंय? कुजबुज कसली? आत्या, तो दुधी फेकून दे. बाबा, रेडिओवरचं फडकं काढा.” आणि आईच्या पलंगासमोर उभा राहिला, कागद हातात. “डॉक्टरांनी आज बोलावून घेतलं मला. खूप चिडलेत. परवा जे बोलले ते दुसऱ्याच पेशंटच्या कागदावरचं होतं. तुझं पथ्य वेगळं आहे. फार कडक. म्हणाले, बाई पाळणार नसेल तर स्पष्ट सांगा, मी माझा वेळ घालवत नाही.”

आईची पाठ हलली नाही. पण कान हलले असावेत.

“ऐकतेस का? नसशील ऐकत तर जातो मी. मला कामं आहेत.”

“वाच,” आई भिंतीला म्हणाली.

चारूने कागदाकडे पाहिलं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, क्लचची प्लेट, दोन. “सकाळी सात वाजता,” त्याने घसा साफ केला, “तांदळाची पेज. त्यात मीठ आणि एक चमचा तूप. वाटी भरून. उरवायची नाही.”

फॅनबेल्ट. “नऊ वाजता ताक, जिऱ्याची पूड घालून.”

ब्रेकचे बूट, मागच्या चाकांचे. “अकरा वाजता मऊ भात, मेतकूट. आणि लिंबाच्या लोणच्याचा खार, एक बोट.”

“खार?” आई म्हणाली.

“किरणांनी तोंडाची चव जाते ना. म्हणून. औषध आहे ते.” मग वंगणाचा डबा म्हणजे दुपारची रव्याची खीर, आणि रेडिएटरचा पाइप म्हणजे संध्याकाळी मुगाची खिचडी, मीठ घातलेली. आत्या दारात उभी राहून तोंड उघडं टाकून ऐकत होती. चारूने तिच्याकडे असं बघितलं की तिने तोंड मिटलं.

आई वळली. हळूहळू, हाताचा आधार घेऊन. दोन दिवसांत चेहरा केवढासा झाला होता. “आणि वर्ज्य काय?”

“हं?”

“पथ्य म्हणतोस. मग वर्ज्य असेलच की काहीतरी. ते वाच.”

खरंच की. ज्यात काही बंद नाही ते पथ्य कसलं? कागदावर चार ओळी उरल्या होत्या. “वर्ज्य,” तो म्हणाला. “दुधी. कायमचा.”

“बरं.”

“कुजबुज. पेशंटच्या खोलीत ऐकू येईल अशी किंवा न येईल अशी, कोणत्याही प्रकारची.”

“हे लिहिलंय?”

“ब्लडप्रेशरवर परिणाम होतो. पेशंटच्या समोर बसून डोळे पुसणं, वर्ज्य. आत्या, हे तुझ्यासाठी. आणि शेवटचं,” त्याने कागद डोळ्यांजवळ नेला, “पेशंटने भिंतीकडे तोंड करून झोपणं. सक्त मनाई. दोनदा खाली रेघ मारलीय.”

आईने हात पुढे केला. कागद घेतला, बघितला. एका कोपऱ्यात काळा अंगठा उमटला होता. “हे काय?”

“मलम,” चारू म्हणाला. “डॉक्टरांचं.”

तिने कागदाची घडी करून उशीखाली ठेवली. “सात वाजले का?”

“संध्याकाळचे वाजतील आता.”

“मग खिचडी असेल ना,” ती म्हणाली. “कर म्हणावं वन्संना.”

अर्धी वाटी खाल्ली तिने. चारू समोर बसून दरडावत होता, आणखी एक घास, डॉक्टरांना काय तोंड दाखवू मी. आत्या स्वयंपाकघरात जाऊन मोठमोठ्याने रडली, कारण कुजबुज वर्ज्य होती.

झोपेचं तेवढं राहिलं होतं. आईला झोप नव्हती. रात्री डोळे उघडे, संध्याकाळी तर नजर सतत मागच्या दाराकडे. दुसऱ्या दिवशी चारूने कागद मागून घेतला, पालथा करून पाहिला, म्हणाला, “मागे पण आहे. संध्याकाळी तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासणे. वीस मिनिटं.”

आई एकदम ताठ झाली. “ती वाटी नको.”

“लिहिलंय.”

“दुसरी आण बाजारातून.”

“काशाची वाटी बेहालात कुठे मिळणार? तीच आहे.” आणि भीती वाटायला लागायच्या आत तो उठला.

कडी काढली. लोडशेडिंग नुकतंच सुरू झालं होतं. खिडकीतून तळ्याचा उजेड येत होता, हिरवट, छतावर हलणारा. धूळ, कापूर, जुना कापूस यांचा वास. तो खुर्चीवर चढला, कपाटावर चाचपलं. वाटी थंड असायला हवी होती. नव्हती. कोणीतरी आत्ताच हातातून खाली ठेवावी तशी कोमट होती. त्याच्या पाठीमागे पलंग होता. गादी गुंडाळलेली होती, त्याने आत येताना पाहिली होती. आता मागे वळून बघितलं तर ती गुंडाळलेली असेल की कोणी भिंतीकडे तोंड करून असेल, हे त्याला सांगता येईना. तो वळला नाही. वाटी घेऊन, मागे न बघता, उलटा हात करून दार ओढून घेतलं.

आईचे तळवे भेगाळलेले, गार. तो घासायला लागला. घस्, घस्. तूप हळूहळू काळं पडायला लागलं. आईने डोळे मिटले होते. ते न उघडताच म्हणाली, “तुला ऐकू येतं का रे संध्याकाळी?”

चारूचा हात थांबला.

“थांबू नकोस. मला येतं. आधी वाटी वाजते. मग ते विचारतात. वहिनी, गूळ आणला?” तिचा आवाज अगदी साधा होता, शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसा. “महिनाभर मी नाही म्हटलं. सुपारीएवढा मागत होते. सुपारीएवढ्याने काय होणार होतं? मला या गाठीचं काही नाही वाटत, चारू. पण संध्याकाळ झाली की छातीवर धोंडा येतो. उत्तर काय देऊ मी त्यांना?”

चारूने मान खाली घालून घासलं, वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. वाटीची काळी मळी त्याच्या बोटांना लागली, ग्रीससारखीच. कधीतरी आई झोपली. त्या संध्याकाळी मागून आवाज आला नाही. वाटी इकडे होती ना.

असे नऊ दिवस गेले. किरणांच्या दिवशी ओकायची, पण ओकून झालं की विचारायची, कागदावर आता काय आहे? बाबा मोठ्याने बोलायला शिकले, आणि ते एवढं विचित्र वाटायचं की आई हसायची. आत्या अंडंसुद्धा उकडायला लागली, नाकाला पदर लावून, दुसऱ्या हाताने जपमाळ ओढत. काटा परत सदतिसावर आला. नववी खेप शेवटची, ती आज होती. टॅक्सी साडेदहाला येणार होती.

सकाळी सातला चारू पेज घेऊन गेला तर आई उठून बसली होती. केस विंचरलेले. हातात तो कागद, घडीवर फाटायला आलेला.

“चारू, यात बघ रे. गूळ आहे का?”

पेज हिंदकळली. “कसला गूळ?”

“नोलेन गूळ. सुरू झाला असेल ना आता? पहाटे वास आला मला वरून, बॅनर्जींकडून.” ती त्याच्याकडे बघत होती. “मला खावासा वाटतोय.”

सात वर्षांत या घरात कोणी असं म्हटलं नव्हतं. तिने आपणहून मागितलं होतं. हे चांगलं की वाईट, हे त्याला कोणाला विचारता येणार नव्हतं. त्याने कागद घेतला. बोट ओळीवर घट्ट दाबलं.

“आहे,” तो म्हणाला. “हे बघ, शेवटून तिसरी ओळ. गूळ, थोडासा.”

“शेवटून तिसरी,” आई म्हणाली, “ती हॉर्नची आहे. एक हॉर्न आणि वायर.”

चारूने बोटाखालची ओळ परत पाहिली.

“एकोणीस वर्षं झाली मला या गावात. दुकानांच्या पाट्या, बसच्या पाट्या कोणी वाचून दाखवल्या मला? तुझ्या बापाने? बंगाली लिहिता येत नाही, वाचता येतं. त्या मिस्त्रीचं अक्षर मात्र घाणेरडं आहे.”

“मग... पहिल्या दिवसापासून?”

“क्लचची प्लेट, दोन.”

“मग खाल्लंस कशाला? इतके दिवस? माझी फजिती बघायला?” राग आला त्याला, खरा राग, कानापर्यंत.

“हे बघ, हेच,” आई म्हणाली. “तू रागावत होतास. दार आपटत होतास. भाऊजींवर शेवटी शेवटी कोणी रागावत नव्हतं रे. मी पण नाही.” तिने पेजेची वाटी त्याच्या हातातून काढून घेतली, एक घोट घेतला. “मीठ कमी आहे. जा, घेऊन ये. दोन तुकडे. एक मला, आणि एक मागच्या खोलीत ठेवायचा. मी माझ्या हाताने ठेवणार. टॅक्सी यायच्या आत.”

गूळवाला ट्राम डेपोपाशी बसायचा, मडकी घेऊन, नवापर्यंत. नंतर पुढच्या बाजारात जायचा. चारूने शर्ट अडकवला, चपला शोधल्या. दारात आत्या. हात आडवा.

“ऐकलं मी सगळं. नको आणूस बाळा. पाया पडते. मनोहरची जी वासना राहिली, श्यामने सांगितलंय मला, तीच ही मागतेय. हे मागणं तिचं नाही. शेवटची खेप आहे आज, आजच का मागावं तिने? दे म्हटलं की झालं, मग पुढे काही उरत नाही.”

“आणि नाही दिलं तर? मागच्या खोलीतून काका मागतो तेच परत ऐकायचं? दोघांचे आवाज?”

“तू लहान आहेस, तुला कळत नाही.”

“तुला कळतं?” तो ओरडला. मग त्याला दिसलं, आत्याच्या आडव्या हाताच्या बोटांना अंड्याचं टरफल चिकटलंय. त्याचा आवाज खाली आला. “मला पण नाही कळत, आत्या. पण तिने मागितलंय. आपण विचारलं नव्हतं. तिने मागितलंय.”

आत्याचा हात उभ्या उभ्याच खाली गेला. ती बाजूला झाली नाही, पण जागा झाली.

आई पुढच्या खोलीत पेज पीत होती, चमच्याचा आवाज येत होता. बाबा अंघोळीला, पाण्याचा आवाज. आत्या समोर. वाटी आईच्या पलंगाखाली, त्याने स्वतः ठेवलेली.

आणि मागच्या खोलीच्या दाराला कडी असताना, सकाळच्या लख्ख उन्हात, आतून कोणीतरी खाकरलं. मग अगदी हळू, संकोचून, पाहुण्या माणसाने मागावं तसं विचारलं.

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणजे तिलाही ऐकू आलं.

“आणतो की!” चारू बंद दाराकडे बघून खेकसला. “सात वर्षं थांबलास, आणखी अर्धा तास थांबता येत नाही? मला आता निघायला हवं.”